पेनिसिलीनचे वावडे आणि त्याचा गोतावळा

हुलसूर हे बिदर जिल्ह्याच्या अशा कोपऱ्यात वसलेले गाव आहे की, तेथील एखाद्या कुटुंबाची सारी कागदपत्रे एकाच लिपीत क्वचितच सापडावीत. शेताची पहाणी कन्नडमध्ये, आज्या-पणज्याच्या काळचा वाटणीचा कागद निजामी अमदानीतील उर्दूत, लग्नपत्रिका मराठीत आणि दवाखान्याची चिठ्ठी इंग्रजीत, अशी चार लिप्यांची वस्ती एकाच लोखंडी पेटीत वर्षानुवर्षे नांदत असते. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा जुन्या बिदर जिल्ह्यातील निलंगा, उदगीर आणि अहमदपूर हे तालुके मराठी मुलुखाकडे गेले व बसवकल्याण-भालकीचा पट्टा म्हैसूर राज्यात राहिला; परंतु सोयरीक, बाजार आणि दुखणेपाखणे या तीन गोष्टींनी ती सरहद्द कधी फारशी मनावर घेतली नाही. ताप हटेना तर माणूस बिदर गाठतो, मोठी शस्त्रक्रिया करावयाची तर लातूर, सोलापूर किंवा हैदराबाद गाठतो, आणि प्रत्येक मुक्कामी त्याच्या नावाने एक नवी फाइल उघडली जाते.

या भागात औषधोपचार करीत असताना पाहिलेली एक पिशवी माझ्या स्मरणातून जात नाही. पायाला विळा लागून जखम चिघळलेली आणि लाल सूज पोटरीपर्यंत चढलेली अशी एक पन्नाशीची शेतकरीण समोर बसली होती. मी काही विचारण्यापूर्वीच तिने बजावले, “मला सुई पडत न्हाई बगा डॉक्टर, अंगभर गांधी उठत्यात.” “कोणती सुई, अक्का?” असे विचारताच तिने मांडीवरची कापडदुकानाची पिशवी टेबलावर उलटी केली. घडीवर फाटत आलेल्या सर्वांत जुन्या चिठ्ठीवर तांबड्या शाईने ‘पेनिसिलीनची ॲलर्जी’ असे लिहिले होते. तिच्यानंतरच्या, दुसऱ्या गावच्या चिठ्ठीवर पेनिसिलीन आणि सल्फा अशी दोन नावे होती. आणि शेवटच्या कागदावर, औषधांच्या यादीच्या माथ्यावर, ‘सर्व अँटिबायोटिकची ॲलर्जी’ असा शेरा होता. तिच्या शरीरात काहीच नवे घडले नव्हते. एका औषधाचे वावडे तीन दप्तरांतून प्रवास करता करता सगळ्या औषधांचे वावडे झाले होते.

पेनिसिलीन आणि त्याच्या जातकुळीतील औषधांचे वावडे हा प्रश्न वैद्यकशास्त्राने गेल्या पाऊण शतकात जसजसा उलगडला, त्याचा आढावा घेताना ही पिशवी मी डोळ्यांसमोर ठेवतो. कारण या साऱ्या संशोधनाचे सार माझ्या मते एवढेच आहे की, वावड्याची नोंद नेमकी असली तर ती जीव वाचवते आणि मोघम असली तर तोच जीव धोक्यात घालते.

औषध आले आणि पाठोपाठ भय आले

१९२८ साली लंडनमध्ये अलेक्झांडर फ्लेमिंग यांना बुरशीच्या ज्या रसाने जंतू विरघळताना दिसले, त्या रसाचे औषध व्हावयास आणखी बारा वर्षे जावी लागली. ऑक्सफर्डमध्ये फ्लोरी, चेन आणि हीटली यांनी ते शुद्ध करण्याची खटपट केली आणि फेब्रुवारी १९४१ मध्ये एका पोलीस शिपायाला ते उपचारासाठी प्रथम टोचले. तो सुधारू लागला, पण औषधाचा साठा संपला आणि तो दगावला. आपल्याकडे या औषधाचे नाव प्रथम ज्या दुःखद प्रसंगाने सर्वतोमुखी झाले, तो पुण्याच्या आगाखान राजवाड्यातील. १९४४ च्या फेब्रुवारीत कस्तुरबा अत्यवस्थ असताना पेनिसिलीन विमानाने मागविण्यात आले होते. परंतु ते दर काही तासांनी टोचावे लागणार असे कळल्यावर गांधीजींनी ते देण्यास संमती दिली नाही, आणि २२ फेब्रुवारीला बा गेल्या. त्यानंतर दहाच वर्षांनी, १९५४ साली, पुण्याजवळ पिंपरीला हिंदुस्तान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या साहाय्याने स्थापन झाला, १९५५ पासून तेथे पेनिसिलीन तयार होऊ लागले, आणि राजवाड्यात दुर्लभ असलेली कुपी तालुक्याच्या दवाखान्यात पोचली.

औषध जितके सर्वत्र पसरले तितकेच त्याचे दुसरे रूपही दिसू लागले. शरीर एखाद्या पदार्थाशी अनाठायी वैर धरते ही गोष्ट तोवर अपरिचित नव्हती. १९०२ साली फ्रान्समध्ये रिशे आणि पोर्तिए यांनी सागरी प्राण्याचे विष कुत्र्यांना दुसऱ्यांदा अत्यल्प मात्रेत टोचले असता ते तडफडून मरताना पाहिले होते आणि या विपरीत प्रतिक्रियेला ‘ॲनाफिलॅक्सिस’ असे नाव दिले होते. १९०६ साली व्हिएन्नाच्या फॉन पिर्के यांनी ‘ॲलर्जी’ हा शब्द घडविला होता. १९४९ मध्ये पेनिसिलीनच्या इंजेक्शनाने आलेल्या ॲनाफिलॅक्सिसने मृत्यू झाल्याचा वृत्तांत अमेरिकेत प्रसिद्ध झाला आणि या दोन वाटा एकत्र आल्या. १९६८ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या पत्रिकेत आलेल्या मोठ्या आढाव्याने या भयाला प्रथम माप दिले: पेनिसिलीन घेणाऱ्या एक लाख रोग्यांमागे सुमारे १५ ते ४० जणांना ॲनाफिलॅक्सिस होतो आणि दीड ते दोन जण दगावतात. हे प्रमाण अल्प आहे. परंतु ज्या दवाखान्यात असा एक मृत्यू घडतो, तेथील डॉक्टर, कंपाउंडर आणि अख्खे गाव तो प्रसंग एक पिढीभर विसरत नाही, आणि आकड्यांहून ही आठवणच पुढील औषधयोजना ठरवीत राहते.

शरीर वैर कसे धरते

पेनिसिलीनचा रेणू इतका लहान आहे की, शरीराच्या संरक्षणयंत्रणेने त्याची दखल घेण्याचे एरवी कारण नव्हते. त्याच्या गाभ्याशी मात्र चार अणूंचे एक ताणलेले कडे आहे, ज्याला बीटा-लॅक्टम वलय म्हणतात आणि ज्याचे स्वरूप १९४५ साली डोरोथी हॉजकिन यांनी क्षकिरणांच्या साहाय्याने निश्चित केले. या ताणामुळेच ते कडे जंतूच्या भित्तिका बांधणाऱ्या वितंचकाला जाऊन चिकटते व जंतूचा नाश करते, आणि त्याच ताणामुळे ते उमलून माणसाच्या रक्तातील प्रथिनांनाही चिकटते. औषध आणि प्रथिन यांचा असा जोड झाला की, आपलेच प्रथिन परक्याच्या वेषात दिसू लागते. १९६० च्या सुमारास बर्नार्ड लेव्हिन प्रभृतींनी या जोडाचा मुख्य प्रकार, म्हणजे पेनिसिलॉयल, ओळखून त्वचेवर चाचणी घेण्याचा मार्ग मोकळा केला. आणि १९६६-६७ मध्ये डेन्व्हरला इशिझाका दांपत्याने व स्वीडनमध्ये योहान्सन आणि बेन्निख यांनी परस्परांपासून स्वतंत्रपणे ते प्रतिद्रव्य शोधून काढले, जे या तात्काळ वावड्याच्या मुळाशी आहे व ज्याला आज आयजीई म्हणतात.

हे प्रतिद्रव्य त्वचेतील, श्वासमार्गातील व आतड्यांतील मास्ट पेशींवर जाऊन बसते आणि औषध पुन्हा आले की त्या पेशी हिस्टामीनादी द्रव्ये एकदम ओततात. अंगावर गांधी उठतात, ओठ व पापण्या सुजतात, घसा आवळतो, छातीत घरघर लागते, उलटी होते, रक्तदाब कोसळतो. इंजेक्शन असेल तर हे बहुधा काही मिनिटांत, आणि गोळी असली तरी साधारणपणे तासाभरात घडते. याच्याहून अगदी निराळी गोष्ट म्हणजे औषधाच्या तिसऱ्या, सातव्या किंवा दहाव्या दिवशी अंगावर उमटणारे गोवरासारखे तांबडे पुरळ. तेथे आयजीईचा संबंध नसतो, काम पांढऱ्या पेशींचे असते, आणि बहुधा ते आपोआप ओसरते. तिसरा प्रकार अत्यंत दुर्मिळ पण भयंकर: कातडी भाजल्याप्रमाणे सोलली जाणे, तोंडात व डोळ्यांत फोड येणे, तापासह यकृत-मूत्रपिंडाला इजा होणे. ज्याला हे झाले, त्याला ते औषध पुन्हा कधीही, चाचणीसाठीसुद्धा, देऊ नये असा दंडक आहे.

आपल्या बोलीत या सर्वांसाठी ‘रिॲक्शन आली’ किंवा ‘औषध गरम पडले’ एवढेच म्हणतात. जुलाब, मळमळ, सुईच्या भीतीने आलेली घेरी, हीही त्याच शब्दांत मोडतात. भाषेला येथे दोष देता येणार नाही. बोलणाऱ्याला जे झाले ते त्याने सांगितले. पुढचा प्रश्न विचारण्याचे काम ऐकणाऱ्याचे असते, आणि बहुतेक चुकीच्या नोंदी तो न विचारल्यामुळे जन्माला येतात.

गोतावळा आणि दहा टक्क्यांचे गृहीतक

एका औषधाचे वावडे असले की त्याच्या सगोत्रांचेही असते काय, हा या विषयातील सर्वांत व्यावहारिक प्रश्न. सार्डिनिया बेटावरील काल्यारी येथे १९४५ साली ज्युसेप्पे ब्रोत्सू यांना शहराचे सांडपाणी समुद्रास मिळते त्या जागी एक बुरशी सापडली. तिच्यातून ऑक्सफर्डच्या अब्राहम आणि न्यूटन यांनी १९५३ च्या सुमारास सेफॅलोस्पोरिन-सी वेगळे केले, आणि १९६४ मध्ये या कुळातील पहिले औषध बाजारात आले. त्यातही बीटा-लॅक्टम वलय होते, तेव्हा पेनिसिलीनचे वावडे असणाऱ्या दहांपैकी एकाला सेफॅलोस्पोरिनही बाधेल असा अंदाज पाठ्यपुस्तकांत शिरला, आणि डॉक्टरांच्या कित्येक पिढ्यांनी तो मुखोद्गत केला.

पुढे तपास केला असता या आकड्याचा पाया कच्चा निघाला. आरंभीच्या काळातील सेफॅलोस्पोरिनमध्ये त्याच बुरशीपासून आलेले पेनिसिलीनचे अंश भेसळीसारखे राहून जात. ज्यांना ‘वावडे’ होते असे धरले त्यांतील पुष्कळांची कधी चाचणीच झालेली नव्हती. आणि ज्याला एका औषधाने त्रास होतो त्याला कोणत्याही दुसऱ्या, अगदी असंबद्ध, औषधानेही त्रास होण्याचा संभव थोडा अधिक असतो, ही गोष्ट हिशेबात घेतलेली नव्हती. त्याहून महत्त्वाचे असे की, शरीर बहुतांशी ज्याला ओळखते तो मधला समाईक गाभा नव्हे, तर त्या गाभ्याला जोडलेली पार्श्वशृंखला, म्हणजे बाजूला लोंबणारी अणूंची साखळी. माणूस चेहऱ्याने ओळखावा तसे औषध या साखळीने ओळखले जाते. कुळ एक असले तरी चेहरे निराळे असतात, आणि दोन भिन्न कुळांतही एखादा चेहरा सारखा निघतो.

या दृष्टीने पाहिले की सगळा गोतावळा नीट उलगडतो. ॲम्पिसिलिनची साखळी सेफॅलेक्सिन आणि सेफाक्लोर यांच्याशी जुळते. ॲमॉक्सिसिलिनची सेफाड्रॉक्सिल आणि सेफप्रोझिल यांच्याशी. सिद्ध झालेले पेनिसिलीनचे वावडे असणाऱ्या रोग्यांच्या अभ्यासांचे एकत्रीकरण २०१९ मध्ये झाले, त्यात या जुळ्या चेहऱ्यांच्या औषधांना प्रतिसाद देणारे सुमारे १६ टक्के आढळले, तर ज्यांची साखळी भिन्न आहे अशा सेफॅलोस्पोरिनांना केवळ २ टक्के. आपल्याकडे गावोगाव दिले जाणारे सेफ्ट्रियाक्सोन या दुसऱ्या गटात पडते. मात्र त्याची साखळी सेफोटॅक्सिम आणि सेफेपिम यांच्याशी मिळतीजुळती आहे, म्हणून ज्याला खरोखर सेफ्ट्रियाक्सोनच बाधले त्याने या दोघांपासून जपावे. शस्त्रक्रियेपूर्वी देण्यात येणाऱ्या सेफाझोलिनची साखळी तर प्रचारातील कोणाशीच जुळत नाही. कार्बापेनेम गटात हा संभव एक टक्क्याहून कमी; ॲझट्रिओनॅम पेनिसिलीनच्या वावड्यात चालते, पण सेफ्टाझिडिमशी त्याचा चेहरा सारखा असल्याने त्या एका औषधाच्या वावड्यात चालत नाही. सल्फा हे मुळात या गोत्रातलेच नव्हे. पिशवीतल्या दुसऱ्या चिठ्ठीवर पेनिसिलीनशेजारी सल्फा लिहिले गेले, ते बहुधा ‘आणखी कशाची ॲलर्जी?’ या घाईच्या प्रश्नाला मिळालेल्या तितक्याच घाईच्या उत्तरातून.

या ज्ञानाची परिणती म्हणून अमेरिकेतील ॲलर्जीतज्ज्ञांच्या संस्थांनी २०२२ साली असा निर्वाळा दिला की, पेनिसिलीनची पूर्वीची प्रतिक्रिया ॲनाफिलॅक्सिसच्या स्वरूपाची नसेल व ती कातडी सोलणाऱ्या गंभीर प्रकारातली नसेल, तर कोणतेही सेफॅलोस्पोरिन चाचणीवाचून देता येते. आणि ॲनाफिलॅक्सिस झालेल्यासही भिन्न साखळीचे सेफॅलोस्पोरिन नेहमीच्या दक्षतेने देता येते.

खोट्या नोंदीची किंमत

अमेरिकेत दर दहा माणसांमागे एकाच्या कागदपत्रांवर पेनिसिलीनच्या वावड्याचा शेरा आढळतो. त्यांची रीतसर चाचणी केली असता नव्वद टक्क्यांहून अधिक जणांना ते औषध विनासायास पचते. असे का व्हावे याची कारणे साधी आहेत. लहानपणी तापात दिलेल्या औषधानंतर उठलेले पुरळ पुष्कळदा औषधाचे नसून त्या तापाचेच असते. एका विशिष्ट विषाणुज्वरात तर ॲम्पिसिलिन दिल्यास बहुसंख्य रोग्यांच्या अंगावर पुरळ येते व पुढे तेच औषध त्यांना निर्धोक ठरते. शिवाय खरे वावडेही चिरंतन नसते: आयजीई हळूहळू ओसरते, आणि दहा वर्षे त्या औषधाशी संबंध न आल्यास सुमारे ८० टक्के लोकांचे तात्काळ वावडे नाहीसे झालेले असते. शरीर विसरते, कागद मात्र विसरत नाही.

‘एक औषध टाळले तर बिघडले काय?’ असे कोणी म्हणेल. बिघडते ते असे. साध्या, अरुंद पल्ल्याच्या आणि स्वस्त पेनिसिलीनऐवजी अधिक महागडी, अधिक व्यापक पल्ल्याची आणि पुष्कळदा कमी गुणकारी औषधे वापरावी लागतात. ब्रिटनमध्ये अशी नोंद असलेल्या ६४,१४१ प्रौढांची तशी नोंद नसलेल्यांशी तुलना करून २०१८ साली जे निष्कर्ष निघाले, त्यांत औषधांना न जुमानणाऱ्या एमआरएसए जंतूचा धोका ६९ टक्क्यांनी व आतड्यातील क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल संसर्गाचा २६ टक्क्यांनी अधिक आढळला. गरोदरपणातील उपदंशावर तर पेनिसिलीनला पर्यायच मान्य नाही. वावडे खरे असेल तर त्या स्त्रीला रुग्णालयात ठेवून, सूक्ष्म मात्रेपासून चढत चढत, शरीराला ते औषध सहन करावयास लावण्याचा मार्ग अवलंबतात, परंतु औषध बदलीत नाहीत.

आता त्या पिशवीकडे परत येतो. तीन चिठ्ठ्या वाचून झाल्यावर मी अक्कांना एकेक गोष्ट विचारीत गेलो. पहिल्यांदा केव्हा झाले? लग्नाच्या आधी, तापात. सुई दिल्यावर लगेच? नाही, तिसऱ्या-चौथ्या दिवशी. घसा आवळला, घेरी आली, दवाखान्यात ठेवले? तसे काही नाही. कडुलिंबाच्या पाल्याच्या पाण्याने आंघोळ घातली आणि आठवड्यात अंग निवळले. त्यानंतर कधी असे औषध घेतले? “न्हाई बाई, कोन देतंय?” असे म्हणत त्यांनी पिशवी झटकली आणि तळाशी अडकलेले एक रिकामे पाकीट टेबलावर पडले. आदल्या वर्षी दाढ ठणकत होती तेव्हाच्या गोळ्यांचे ते पाकीट, पुन्हा दुखल्यास दुकानात दाखविण्यासाठी जपून ठेवलेले. चांदीच्या कागदामागे नाव स्पष्ट होते: ॲमॉक्सिसिलिन. पाच दिवस, दिवसातून तीन वेळा त्यांनी त्या घेतल्या होत्या आणि अंगावर एक गांध उठली नव्हती. वावड्याची नोंद आणि तिचे खंडन ही दोन्ही एकाच पिशवीत वर्षभर शेजारी शेजारी पडून होती. ती एकमेकांसमोर कोणी ठेवली नव्हती, एवढेच.

टोचून पाहण्याची चाल

आपल्या दवाखान्यांतून इंजेक्शनापूर्वी हाताच्या आतल्या बाजूस, कातडीच्या थरात थेंबभर औषध टोचतात, भोवती बॉलपेनाने वर्तुळ काढतात आणि पंधरा-वीस मिनिटांनी फुगवटी पाहतात. या ‘टेस्ट’मागील सद्‌भावना निर्विवाद आहे, परंतु तिच्या मर्यादा रोग्यांनाच नव्हे तर आपणा व्यावसायिकांनाही स्मरत नाहीत. पेनिसिलीनसाठी ठराविक पातळ केलेल्या द्रावणांनी, शेजारी साध्या मीठपाण्याचा आणि हिस्टामीनचा थेंब तुलनेस ठेवून केलेली चाचणी विश्वासार्ह असते. तीच चाचणी भलत्या तीव्रतेच्या औषधाने केली तर नुसत्या जळजळीने फुगवटी येते आणि निरोगी माणसावर आयुष्यभराचा शेरा बसतो. आदल्या रात्री सर्दीची गोळी घेतली असेल तर खरे वावडेही झाकले जाते. पूर्वेतिहास नसणाऱ्या प्रत्येकाला सेफॅलोस्पोरिनपूर्वी टोचून पाहण्याने काही साधत नाही, हे ध्यानी घेऊन चीनने २०२१ च्या मार्गदर्शनात ती सरसकट चाल बंद करण्यास सांगितले. फुगवटी न आल्याने अडचण टळली असे समजून औषध देताच रोग्याला घरी पाठविणे, ही तर या चालीची सर्वांत घातक बाजू.

भयाचा सर्वांत मोठा भुर्दंड संधिवातज्वराच्या मुलांनी भरला आहे. घशाच्या संसर्गानंतर सांधे सुजतात, हृदयाच्या झडपा बिघडतात, आणि पुन्हा तसे होऊ नये म्हणून दर तीन आठवड्यांनी बेंझाथिन पेनिसिलीनचे, ज्याला आपल्याकडे पेनिड्युर म्हणूनच ओळखतात, इंजेक्शन वर्षानुवर्षे द्यावे लागते. ‘रिॲक्शनची जोखीम कोण घेणार’ म्हणून ते नाकारले गेले की झडप मात्र बिघडत जाते. वस्तुतः ११ देशांतील १,७९० रोग्यांना दिलेल्या ३२,४३० इंजेक्शनांचा जो हिशेब १९९१ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात ३.२ टक्के रोग्यांना काही ना काही वावडे दिसले, ॲनाफिलॅक्सिस चौघांना झाला आणि मृत्यू एक. अमेरिकन हृदयरोग संघटनेने २०२२ साली आणखी एका गोष्टीकडे लक्ष वेधले: झडपा फार बिघडलेल्या रोग्यांत इंजेक्शनानंतर आलेले काही मृत्यू वावड्याचे नसून, वेदनेने व भीतीने रक्तदाब उतरल्यावर दुबळे हृदय न सावरल्याचे असावेत; अशांना इंजेक्शनाऐवजी गोळ्या द्याव्यात. म्हणजे येथेही ‘रिॲक्शन’ या एका शब्दाखाली दोन भिन्न गोष्टी जमा झाल्या होत्या.

सज्जता आणि फेरतपासणी

खऱ्या ॲनाफिलॅक्सिसवर पहिले औषध एकच, ॲड्रिनॅलिन. एका मिलिलिटरमध्ये एक मिलिग्राम असलेल्या कुपीतून प्रौढास अर्धा मिलिलिटर, मांडीच्या मध्यभागी बाहेरच्या बाजूस, स्नायूत. गरज पडल्यास पाच मिनिटांनी पुन्हा. रोग्याला आडवे ठेवून पाय उंचवावेत, श्वास लागत असेल तर बसू द्यावे, परंतु एकाएकी उभे करू नये. एव्हिल आणि स्टेरॉइड यांचे स्थान त्यानंतरचे. ही कुपी अल्प मोलाची आहे. ती कपाटात कुलपाआड नव्हे, तर इंजेक्शनाच्या तबकात हाताशी असावी, आणि इंजेक्शन घेतलेल्या माणसाला अर्धा तास बाकावर बसविण्यास संकोच करू नये. ज्या दवाखान्यात ही तयारी आहे त्याला पेनिसिलीनची भीती बाळगण्याचे कारण उरत नाही.

जुन्या शेऱ्याची फेरतपासणीही आता पूर्वीइतकी अवघड राहिलेली नाही. प्रतिक्रिया पाच वर्षांच्या आतली होती काय, ती ॲनाफिलॅक्सिसची, सुजेची किंवा कातडीच्या गंभीर प्रकारची होती काय, तिच्यासाठी उपचार करावे लागले काय, एवढ्या प्रश्नांवरून गुण देणारी ‘पेन-फास्ट’ ही पद्धत २०२० मध्ये मांडली गेली. ज्यांचे गुण कमी आले अशा ३८२ प्रौढांवर झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, त्वचेवर टोचून न पाहता डॉक्टरांच्या देखरेखीखाली थेट तोंडाने पेनिसिलीन देणे हे टोचून पाहण्याइतकेच निर्धोक ठरले. दोन्ही गटांत तात्काळ प्रतिक्रिया प्रत्येकी एकालाच आली. हा प्रयोग घरी करून पाहण्याचा नव्हे हे सांगावयास नको. परंतु तालुक्याच्या रुग्णालयात तो अशक्य नाही.

आणि मग नोंद. तिच्यात पाच गोष्टी असाव्यात: औषधाचे मूळ नाव, कंपनीचे नव्हे, ते कशासाठी व कोणत्या साली दिले, किती वेळाने काय झाले, त्यावर काय करावे लागले, आणि त्यानंतर त्या गोत्रातील कोणते औषध चालले. ही पाचवी गोष्ट जवळजवळ कोणीच लिहीत नाही, आणि वास्तविक तीच सर्वांत मोलाची, कारण नकारांच्या यादीतून पुढच्या डॉक्टरला वाट सापडत नाही. नवीन प्रतिक्रिया घडल्यास भारतीय औषधदक्षता कार्यक्रमाच्या १८००-१८०-३०२४ या निःशुल्क क्रमांकावर ती कळविता येते; २०२१ पासून सुरू झालेल्या आयुष्मान भारत डिजिटल योजनेतील आभा क्रमांकाखाली अशी माहिती दोन्ही राज्यांच्या दवाखान्यांना दिसू शकेल. तोवर पेटीतला कागदच खरा, तेव्हा तो कागद नेमका असावा.

अक्कांना त्या दिवशी पेनिसिलीनच्याच गोत्रातले औषध दिले, तासभर बाकावर बसवून ठेवले, आणि चार दिवसांनी सूज घोट्याखाली उतरली. जुन्या तिन्ही चिठ्ठ्या मी फाडल्या नाहीत; प्रत्येकीवर तारीख घालून ‘तपासले, रद्द’ असा शेरा मारला आणि एक नवी चिठ्ठी वर मराठीत, खाली दवाखान्यातील परिचारिकेकडून कन्नडमध्ये लिहवून दिली. ती घडी करताना अक्कांनी विचारले, “म्हंजे ह्यो फेरफारच झाला की?” तो शब्द मला त्याआधी सुचला नव्हता. पहाणीवर भलते नाव चढले तर आपल्याकडचा माणूस तलाठ्याच्या चावडीचे उंबरठे झिजवितो, तहसिलीत खेटे घालतो, प्रसंगी मुलांच्या हाती तो दावा सोपवून डोळे मिटतो, पण चुकीची नोंद राहू देत नाही. देहाच्या दप्तरातही तितकीच जागरूकता असावयास हवी, आणि तिची जबाबदारी रोग्याहून अधिक आम्हा लिहिणाऱ्यांची आहे. नवी चिठ्ठी त्यांनी पिशवीत नव्हे, पदराच्या गाठीत बांधली.